सगुणाआजीची डुलकी

एका डोंगरावरच्या गावात एक पोरगा राहायचा. मिसरूड अजून फुटायचं होतं, पण हा आधीपासूनच ओठावर पीळ देत फिरायचा. असा एक नमुना प्रत्येक गावात असतो. तुमच्या घरात नसेल तर जरा आरशात बघा. नाव धुळबा. बैलगाडी अशी हाकायचा की मागच्यांच्या तोंडात नुसती धूळ. घाटाच्या उतारावर गाडीत उभा राहायचा, कासरा दातात धरायचा आणि दोन्ही हात सोडून मित्रांना सलाम ठोकायचा. मित्र शिट्ट्या मारायचे. बैलांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

गावाची एक रीत होती. नवरीची गाडी तिच्या भावानं हाकायची, पण त्याआधी त्यानं गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला गाडीत बसवून घाट उतरायचा आणि खाली नदीवर न्यायचं. तिनं पसंत केलं तर ती स्वतः त्याला फेटा बांधायची. नाही केलं तर नवरीची गाडी चुलतभावाकडे.

ती म्हातारी म्हणजे सगुणाआजी. दात दोनच, पण जीभ शाबूत. ती काय बघून पास करते हे तिनं कधी सांगितलं नाही. घाट दाट झाडीतला, त्यामुळे गाडी कशी उतरली हेही कुणाला दिसत नसे. एवढंच माहीत होतं की जो पास झाला, त्याच्या गाडीतून उतरताना आजी म्हणायची, "एवढ्यात आलो?" झालं, पोरांनी डोकं चालवलं. आजीला वेग आवडतो. पास झालेली पोरं खरं काय ते सांगत नसत. सांगितलं तर रुबाब गेला असता ना.

धुळबाच्या ताईचं लग्न ठरलं. ताई त्याला म्हणाली, माझी गाडी तूच हाकायचीस, चुलतभाऊ बसला तर मी सासरी चालत जाईन. धुळबाची छाती गाडीत मावेना.

परीक्षेच्या दिवशी त्यानं आजीला बसवलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. गाडी सुटली ती सुटलीच. मधल्या वळणावर एक धनगर शेरडं घेऊन चढत होता. शेरडं दरडीवर गेली, धनगर घाणेरीच्या झुडपात गेला आणि चाक एका करडाला चाटून गेलं. धुळबा हसत होता. नदीवर गाडी थांबवून तो मोठ्या आशेनं मागे वळला.

आजी गाडीच्या दांड्याला मिठी मारून बसली होती. अंबाडा सुटून कानावर आला होता.

"आलो का रे?" ती म्हणाली. "केवढा लांब झालाय हा घाट. जन्म गेला माझा."

"आजी, माझ्याइतक्या लवकर तुला कुणी आणलं नसेल."

"तुझं झालं असेल लवकर. तुझ्या हातात कासरा होता. माझ्या हातात काय होतं? नुसता जीव."

फेटा पिशवीतच राहिला.

परतीच्या चढणीला बैल दमलेले, धुळबा हिरमुसलेला. गाडी पाय ओढत निघाली. वळणावर धनगर भेटला. अंगातले काटे काढत त्यानं धुळबाच्या सात पिढ्यांची चौकशी केली. धुळबानं मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण ते करडू अजून थरथरत होतं. तेवढ्यात मागून घोरणं सुरू झालं. वर पोचल्यावर आजीनं डोळे चोळले आणि विचारलं, "एवढ्यात आलो?"

धुळबा बघतच राहिला. "म्हणजे आजी, तू झोपतेस?"

"मग काय ओव्या गाऊ? ज्याच्या गाडीत भीती वाटत नाही, त्याच्या गाडीत मला डोळा लागतो. नवरी आधीच आईबापाला सोडून निघालेली असते. तिला आणखी धाकधूक कशाला?"

"मग मी आता पास?"

"चढणीला गाढवही शहाणं असतं. उद्या उतरून दाखव."

दुसऱ्या दिवशी तो आजीला घेऊन घाट उतरत असताना मित्र आपली गाडी घेऊन शेजारी आले. म्हणाले, गोगलगाय जुंपलीस काय, तू पोचेपर्यंत ताईला नातवंडं होतील. धुळबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कासरा नुसता ढिला सोडला असता तरी पुरे होतं. त्यानं मागे बघितलं. आजीचं तोंड उघडं, आणि दांड्यावरचे हात सुटून मांडीत पडलेले. त्यानं कासरा आवळला, बैलांना चुचकारलं.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "माझ्या गाडीत माणूस झोपलंय."

मित्र पुढे झाले. इतके पुढे झाले की नदीकाठी गाडी थांबेना आणि सगळी मंडळी थेट पाण्यात. धुळबा पोचला तेव्हा त्यांचे बैल मजेत पाणी पीत होते, मित्र गळ्यापर्यंत भिजले होते आणि एकाची चप्पल पुढच्या गावाला निघाली होती.

आजी अजून घोरतच होती. तिला उठवायची कुणाची छाती नव्हती. या खेपेला मुद्दाम नदीवर जमलेली लग्नघरची माणसं ताटकळली, ताई तोंडाला पदर लावून हसत राहिली. शेवटी एक माशी आजीच्या नाकावर बसली आणि आजी शिंकून उठली.

"मेल्या, उन्हात वाळत घातलंस की मला," ती म्हणाली, आणि जांभया देत देत तिनं धुळबाला फेटा बांधला. तो तिरपाच बसला, पार डाव्या कानावर. लग्नाच्या दिवशी ताईला घेऊन घाट उतरतानाही धुळबानं तो सरळ केला नाही. दोन्ही हात कासऱ्यावर होते.

तात्पर्य: गाडी बैलांची असो नाहीतर पेट्रोलची, ती चांगली हाकली का हे शिट्ट्या मारणाऱ्यांना विचारू नये, मागे बसलेल्याला निवांत डुलकी लागली का ते बघावं. हाकणाऱ्यानं मात्र जागं राहावं. हेही सांगावं लागतं, काय करणार.