आंधळ्या म्हातारीनं पाहिलेला डोंगर

एकदा काय झालं, उंच डोंगराच्या माथ्यावर एक वाडी होती. इतकी उंच, की ढग दारातून आत यायचे आणि चुलीपाशी बसायचे, बरं का. त्या वाडीत ठमा नावाची बाई राहायची. तिचा नवरा धावजी कड्याला लागलेली मोहोळं काढायचा. एके दिवशी तो दोर धरून कड्याखाली उतरला. मग दोर वर आला, धावजी आला नाही.

त्या दिवसापासून ठमानं डोंगराकडे पाहणं सोडलं. पाण्यालासुद्धा मान खाली घालून जायची. आणि तिची लेक बुधी, एवढीशी पोर, तिचं तर बोलणंच बंद झालं.

मग एका सकाळी दारात एक म्हातारी आली. परमुलखातली, काठी टेकत आलेली, दोन्ही डोळ्यांवर साय. म्हणाली, "लेकी, मी तुमचा डोंगर बघायला आले. दाखवशील?"

आता आंधळीला डोंगर कसा दाखवायचा? पण दारी आलेल्या माणसाला नाही तरी कसं म्हणायचं? ठमानं तिचा हात धरला, बुधीनं आईचा पदर धरला, आणि तिघी निघाल्या.

आधी गेल्या तळ्यावर. ठमा म्हणाली, "आजी, हे तळं. पाणी आहे."

"पाणी माझ्या तांब्यातही आहे," म्हातारी म्हणाली. "याचं काय ते सांग."

मग ठमाला मान वर करावीच लागली. "हिरवं आहे, आजी. मधोमध आभाळ पडलंय. काठाला म्हशी बसल्यात." ती सांगत गेली, आणि म्हातारीच्या डोळ्यांवरची साय जराशी पातळ झाली.

मग गेल्या पठारावर. तिथं सोनकी फुलली होती, सगळं पठार पिवळंजर्द. ठमानं तेही सांगितलं. वारा कुठून येतो, फुलं कुठं झुकतात, सगळं. मग न विचारता म्हणाली, "बुधीचे बाबा इथंच बसायचे. मधमाश्या कुठं जातात ते बघत." साय आणखी पातळ झाली.

मग दिवस कलला. तिघी कड्याशी आल्या. ठमाचे पाय थांबले. तिनं डोळे घट्ट मिटले. "आजी, इथलं मला सांगवणार नाही."

दरीत ढग भरला होता. ऊन पाठीमागून आलं आणि ढगावर इंद्रधनुष्य उमटलं, पुरतं गोल, बांगडीसारखं. त्या बांगडीत सावल्या पडल्या.

तेव्हा बुधी बोलली, बरं का. हळूच बोलली. "आई, सावल्या चार आहेत."

ठमानं डोळे उघडले. एक सावली काठीवाली. एक तिची स्वतःची. एक चिमुकली. आणि चिमुकलीच्या शेजारी चौथी, खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेली. ठमानं मागं वळून पाहिलं नाही. मागं कोणी नाही, हे तिला ठाऊक होतं. ती त्या सावलीला एवढंच म्हणाली, "पोर बोलली. ऐकलंत ना?"

सावलीनं हात वर केला. मग ढग हलला आणि बांगडी विरून गेली.

ठमा तिथंच बसून खूप रडली. म्हातारीनं तिचे डोळे पुसले. नेमके पुसले, चाचपडावं लागलं नाही. "दिसला ग बाई मला डोंगर," ती म्हणाली, आणि काठी तिथंच ठेवून एकटी वाट उतरून गेली.

पुढं लांबलांबची माणसं डोंगर बघायला येऊ लागली. मायलेकी त्यांना तळं दाखवायच्या, पठार दाखवायच्या, कड्याशी हात धरून उभं करायच्या. बोलायची बुधीच. दोघी पोटभर जेवल्या, सुखानं नांदल्या.

चला, आता कुशीवर वळा पाहू. दिवा मालवते मी.