हिरव्या पानाचा भाव

त्या मुलखात चिंचोके हेच नाणं होतं, आणि उन्हाळ्यात प्रत्येक वस्तूला दोन भाव होते. हिरवं पान घेऊन येणाऱ्याला एक, आणि रिकाम्या हाताने येणाऱ्याला त्याच्या दुप्पट. दुप्पट भाव देणारा वेडा अजून जन्माला यायचा आहे, असं तिथले सगळे मोठ्या अभिमानाने सांगत.

भाव ठरवणारा एक बोकड होता. खडकाच्या कपारीत त्याचं दुकान होतं आणि सगळे त्याला शेठ म्हणत. पावसाळ्यात, रान हिरवंगार असताना, शेठ प्रत्येक खरेदीवर एक डहाळी भेट देई. दुकानामागे एक झाड होतं, त्याची. तसं झाड मुलखात दुसरं नव्हतं, त्यामुळे खोटं पान आणायची सोय नव्हती. डहाळी घरी न्यायची, ओल्या मातीत खोचायची आणि जपायची. भर उन्हाळ्यात ते झाडही उघडंबोडकं होई, तेव्हा दुकानावर झेंडा लागे. त्या दिवशी हिरव्या पानाची एक डहाळी दुकानात जमा केली की एक वस्तू निम्म्या भावात. पान वाळलं असेल तर मात्र नाही. "नियम आहे, मी तरी काय करू?" असं शेठ म्हणे. या पानांपायी आपण बुडत चाललोय, पण लोकांची पोरंबाळं बघवत नाहीत, असंही तो म्हणे. त्याच्या चांगुलपणाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

त्याच रानात बकुळा नावाची एक खार राहत होती. गुणाजीशी तिचं लग्न झालं, त्या वर्षी तिने पहिली डहाळी आणली. ओढ्यावरून तोंडात चूळभर पाणी आणायचं आणि ते डहाळीवर सोडायचं, हे तिने एवढ्या निष्ठेने केलं की उन्हाळ्यात तिचं पान रांगेत सगळ्यांत टवटवीत निघालं. वाचलेल्या चिंचोक्यांत त्या दोघांनी मध आणला आणि ढोलीच्या तोंडाशी बसून बोटं चाटत खाल्ला. बकुळाच्या आयुष्यातली ती खरोखरच सुखाची संध्याकाळ होती.

मग मुलं झाली, खाणारी तोंडं वाढली, तशा डहाळ्याही वाढवाव्या लागल्या. डहाळ्या हव्यात तर खरेदी हवी. म्हणून पावसाळ्यात नको असलेलं धान्यही ती घेऊ लागली, उन्हाळ्यात हवं असलेलं स्वस्त मिळावं म्हणून. हा हिशेब गुणाजीला कधी कळला नाही, पण बायको हुशार आहे यावर त्याचा विश्वास होता. ढोलीतली थंड, ओलसर जागा डहाळ्यांना गेली आणि मुलं दाराशी झोपू लागली. खारीची पोरं ती, काटक असतात.

पुढे एका वादळात गुणाजी फांदीवरून पडला आणि त्याची कंबर मोडली. तो कायमचा पडून राहिला. आता मिळकत अशी नव्हतीच, होती ती फक्त बचत. बकुळाने पोटाला चिमटा काढला, पण डहाळ्यांना कधी पाणी कमी पडू दिलं नाही. थोरली मुलं मोठी झाली आणि एकामागून एक नदीपलीकडे निघून गेली. जाताना त्यांनी पुन्हा येऊ असं सांगितलं, तसं सगळेच सांगतात.

"अगं, आता एवढ्या डहाळ्या कशाला?" गुणाजी पडल्या पडल्या म्हणाला. "तू, मी आणि चिमा. तीन जीव आपण."

"अहो, मुलं परत आली म्हणजे? त्यांना काय दुप्पट भावाचं घालू?"

त्या हिवाळ्यात गुणाजी गेला. बकुळा पोटभर रडली. मग तो पडून असायचा त्या जागी तिने डहाळ्या मांडल्या, कारण सावली तिथेच चांगली होती.

राहिली एक चिमा, सगळ्यांत धाकटी. हिला कुठे जाऊ द्यायचं नाही, काही झालं तरी हिला जगवायचं, एवढंच बकुळाने मनाशी धरलं होतं. आणि पुढचाच उन्हाळा असा आला की ओढा आटून त्याचं एक डबकं उरलं. तिथवर जायचं, तासभर वाट बघायची, तेव्हा कुठे चूळभर पाणी मिळे. त्यातच चिमाला ताप भरला.

तापावर एक मुळी होती, शेठच्या दुकानात. बकुळाच्या गाठीचे सगळे चिंचोके दिले असते तर दुप्पट भावात ती त्याच दिवशी मिळाली असती. बकुळा दुकानापर्यंत गेलीसुद्धा. पण मुळीकडे बघताना तिला आजवरचा हिशेब आठवला. आजवर जिने एकदाही दुप्पट भाव दिला नव्हता, तिने आता तो द्यायचा? मग एवढी वर्षं अर्धपोटी राहणं, मुलांचं दाराशी झोपणं, हे सगळं कशासाठी झालं? झेंडा लागायला थोडेच दिवस होते. ती तशीच परत फिरली.

ते थोडे दिवस फार लांबले. बकुळा पाणी आणून डहाळ्यांवर सोडायची आणि राहिलेली ओल चिमाच्या जिभेला लावायची.

"आई, आज मला आधी दे ना."

"उद्या देते गं राणी. पानं गेली तर मुळी कुठून आणू?"

चिमाने डहाळ्यांकडे बघितलं. ती समजूतदार पोर होती. "बरं, त्यांना घाल," ती म्हणाली आणि कूस बदलून पडून राहिली.

झेंडा लागला. त्या सकाळचं पाणीही बकुळाने पानांवर शिंपडलं, रांगेत ती ताजी दिसावीत म्हणून. करपलेल्या त्या मुलखात हिरवं असं काही उरलं असेल तर ती एक रांग. सशांच्या, घुशींच्या, खारींच्या वाळक्या हातांत टवटवीत डहाळ्या होत्या. बकुळाची पाळी आली तेव्हा शेठने पान निरखलं आणि मान डोलावली. "बकुळाबाई, तुमच्यासारखं पान ठेवणं कोणाला जमत नाही." बकुळाला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती घरचं सगळं विसरली.

सगळ्या डहाळ्या देऊन, मुळी आणि धान्य घेऊन ती धावत घरी आली. चिमाचे ओठ चिरले होते, डोळे अर्धे मिटले होते. मुळी पाण्यात उगाळून द्यायची असते. बकुळाने ती दगडावर घासली, पण नुसती कोरडी पूड पडली. ती पूड चिमाच्या घशाखाली उतरेना. बकुळा डबक्यावर गेली, तर तिथे भेगा पडल्या होत्या. मग ती शेठकडे धावली. एवढी वर्षं ज्याची पानं राखली, तो चूळभर पाण्याला नाही म्हणणार नाही.

दुकान बंद झालं होतं, म्हणून ती खडकाला वळसा घालून मागे गेली. तिथे सावलीत सकाळच्या डहाळ्यांचा ढीग पडला होता. शेठ, शेठाणी आणि त्यांची करडं जेवायला बसली होती.

"याला पाणी पाजलंस का गं?" शेठने सगळ्यात लहान करडाकडे बघून विचारलं.

"उन्हाळ्यात यांना पाणी कधी लागलंय?" शेठाणी म्हणाली. "पानांतच असतं की तेवढं." तिने ढिगातून बकुळाची डहाळी निवडून करडापुढे धरली. "हे खा बाळा, हे रसाळ असतं."

करडाने पान चावलं. त्याच्या हनुवटीवरून एक हिरवट थेंब ओघळला आणि खाली धुळीत पडला. बकुळा पुढे सरपटली आणि त्या ओल्या धुळीला तोंड लावून ती माती गालात भरू लागली, घरी न्यायला.