कोरगव्हाणची उष्टी नानकटाई

ओढ्याच्या मधोमध तो चपटा काळा खडक दिसतोय ना, त्याच्यावर पाय ठेवू नका. पलीकडं यायचं तर खालच्या अंगाला फरशी पूल आहे, तिकडून या. देव नाही तो. शेंदूर नाही, घंटा नाही, पुजारी तर नाहीच नाही. पण दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्या गावची पोरं त्याच्यावर ताटली ठेवतात, आणि ती ताटली आयांनी उचलल्याशिवाय कोरगव्हाणात एका घरात कढई चढत नाही. दुसऱ्या गावांत आठ दिवस आधीपासून चकल्या तळतात. आमच्याकडं नाही.

बसा इथं, सावलीला. मला तानाक्का म्हणतात. ही भट्टी मी सांभाळते, बत्तीस वर्षं झाली. ही सगळी पोरं गावची, सकाळी आंघोळ करून आली आहेत गोळे वळायला. हा टोपीवाला चारोळ्या घेऊन आलाय, त्या पोरीनं शहरातल्या मामाकडून रंगीत टुटीफ्रुटी आणलीय. आणू दे. पूर्वी टोचून नक्षी काढायला निंबाची काडी तेवढी असायची, आणि ती अजून लागतेच.

तुमची मुलगी बघा कशी बघतेय. हो बाळ, तो गोळा चावतोय. चावू दे त्याला. आमच्या गावात ही नानकटाई उष्टी करूनच भाजायची. पोरानं आधी कच्चा काठ चावायचा, मग ती भट्टीत जाणार. मागच्या साली एक बाई नाक मुरडून उठून गेल्या. गोष्ट ऐकून घ्यायला त्यांना सवड नव्हती. तुम्ही बसलाय तर सांगते, फक्त मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो.

फार जुनी हकीकत आहे. माझ्या आजेसासूला तिच्या आजेसासूनं सांगितलेली, त्याच्या मागं कुणी मोजलं नाही. गावात भिकाबाई नावाची भडभुंजी होती म्हणे. लाह्या, फुटाणे भाजून द्यायची. लहानपणी तिला देवी आल्या, त्यातून ती वाचली, पण वण राहिले. तोंडावर बोट टेकायला सपाट जागा नव्हती असं सांगतात. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. बाया तिच्याकडं लाह्या घ्यायला यायच्या, पण कडेवरच्या पोराचं तोंड पदरानं झाकून. तिला तर पोरांचं भारी वेड. मूठभर फुटाणे दारात ठेवायची आणि स्वतः आत जाऊन बसायची, म्हणजे पोरं न घाबरता खातील. मला या गोष्टीचा अजून राग येतो. असो.

एका वर्षी दसरा झाला आणि गावात देवीची साथ आली. अकरा पोरं तापानं फणफणली, अंगावर फोड आले. पाटलानं गाव गोळा केलं. ओढ्यापलीकडं, या उंचवट्याच्या मागं धनगरांचं एक रिकामं छप्पर होतं. आजारी पोरं तिथं न्यायची, आणि साथ सरेपर्यंत कुणी ओढा ओलांडायचा नाही, असं ठरलं. गावात पाळण्यातली चाळीस पोरं होती, त्यांचंही बघायला हवं. कठोर होतं, पण पाटील चुकला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. प्रश्न एकच, पोरांजवळ राहणार कोण? ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत, हे लोकांना ठाऊक होतं. गावात अशी धडधाकट एकटी भिकाबाई. तिला विचारायला माणसं निघाली, तर ती वाळूचं पोतं डोक्यावर आणि परात काखेत घेऊन वाटेतच भेटली. ज्या बायांनी पदर आडवा धरला होता, त्यांनीच आपापली पोरं तिच्या हवाली केली.

सोय अशी लावली की सकाळी गावानं या खडकावर पीठ, दूध ठेवायचं आणि मागं सरायचं. मग भिकाबाईनं येऊन उचलायचं. रोज ती ओरडून सांगायची, सगळी आहेत हो, काळजी करू नका. चार दिवस बायांनी ऐकून घेतलं. पुढं कुजबुज सुरू झाली. पोरं उंचवट्यामागं, एकही दिसत नाही, आवाज येत नाही. ही म्हणते ते खरं कशावरून? आपण धावून जाऊ नये म्हणून ही थापा मारत असेल तर?

त्यात एक साळू होती. तिची सहा वर्षांची यमी पलीकडं आणि तीन महिन्यांचं तान्हं अंगावर. साळूनं सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत वाट बघीन, मग पाटील आडवा आला तरी मी ओढा ओलांडणार. ती गेली असती तर तिच्यामागं दहाजणी गेल्या असत्या, आणि परतताना साथ पदरात घेऊन पाळण्यापर्यंत आल्या असत्या. पहिलं तिचंच तान्हं गेलं असतं. भिकाबाईला हे दिसत होतं, पण आईची समजूत नुसत्या तोंडानं कशी पटणार?

दिवाळी दोन दिवसांवर आली. ज्या पोरांचा ताप उतरला होता त्यांना वेध लागले, करंजी पाहिजे, कानवला पाहिजे. आता घरात देवी असल्या की तळण करत नाहीत, साधी फोडणीसुद्धा देत नाहीत. त्या फोडणीचा चरका आजाऱ्याला बसतो म्हणतात. भिकाबाई म्हणाली, तळायचं नाही ना, मग भाजू. भाजणं तर तिच्या हातचं. गावाकडून गूळ आणि तूप मागवलं, कणकेत मळलं, अकरा गोळे करून पोरांपुढं ठेवले आणि म्हणाली, तुमची दिवाळी तुम्ही सजवा. एकानं निंबाच्या काडीनं टोचून मोर काढला, तो कोंबडीसारखा झाला. एकीनं जोंधळ्याचे दाणे लावले. कुणी नुसता अंगठा दाबून ठेवला. आणि यमीनं कच्चाच गोळा काठाला चावला.

भिकाबाई ओरडायला गेली, अगं उष्टं केलंस. पण तिची नजर त्या खुणेवर पडली आणि ती तिथंच थांबली असं सांगतात. यमीचा वरचा एक दात पडलेला होता. चाव्यात मधोमध फट उमटली होती. भिकाबाईनं मग सगळ्यांना सांगितलं, चावा रे, सगळे चावा. कुणाचे दात पुढं, कुणाचा सुळा वाकडा. अकरा तोंडांच्या अकरा खुणा. तिनं परातीत वाळू तापवली, गोळे मांडले, वर दुसरी परात पालथी घातली आणि तिच्यावर निखारे पसरले. आगीतून गेलं ते उष्टं राहत नाही, असं तिचं तिनं ठरवलं. कुणा शास्त्रीबुवाला विचारायला गेली नाही.

पहिल्या आंघोळीला खडकावर ताटली आली. आया पाण्यापर्यंत धावल्या. कुणी मोर ओळखला, कुणी वाकडा सुळा. साळूनं फटीची नानकटाई उचलली, म्हणाली, "ही माझी यमी," आणि त्या चाव्यालाच तोंड लावून तिनं ती खाल्ली. आईला पोराचं उष्टं कधी वर्ज्य असतं का? भिकाबाई पलीकडून एवढंच बोलली, "रोज ताटली येईल. जेवढी पोरं तेवढ्या नानकटाया. खुणेला मी हात लावणार नाही." त्या दिवशी कुणी ओढा ओलांडला नाही.

पाडव्याला ताटलीत दहा आल्या. मोर नव्हता. कुंभाराच्या सगुणानं ताटली दोनदा बघितली, खाली ठेवली आणि घरी गेली. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. पुढं आयुष्यभर ती भिकाबाईबद्दल एकच वाक्य बोलायची म्हणे, की तिनं मला फसवलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी यमीचं बिघडलं. तोंडात फोड, डोळे मिटलेले, शुद्ध नाही. भिकाबाईनं गोळा तिच्या ओठाशी धरला, पण ओठ हलले नाहीत. शेजारी तेल्याची गोजरा होती, बरी होत आलेली, तिचाही पुढचा दात पडलेला. ती म्हणाली, "भिकामावशी, मी चावते तिच्यासाठी. साळूकाकूला कळणार नाही." खरंच कळलं नसतं. साळू निवांत घरी गेली असती.  पण भिकाबाईनं तो गोळा कोराच परातीत ठेवला.

ताटलीत दहा आल्या, त्यातली एक कोरी. साळूनं ती बघितली, तान्हं शेजारणीच्या हातात दिलं, कासोटा घातला आणि पाण्यात उतरली. बाकीच्या आया तिच्यामागं काठाला आल्या. भिकाबाई पलीकडून धावत आली आणि खडकाजवळ कंबरभर पाण्यात आडवी उभी राहिली.

"साळू, ताटली मोज."

"माझी यमी गेली."

"मोज म्हणते ना. किती आहेत?"

साळूनं मोजल्या. दहा होत्या.

"सगुणाचा गेला तेव्हा मी लपवलं का? यमी नसती तर नऊ आल्या असत्या. तिला चावता आलं नाही म्हणून कोरी आली. खोटंच पाठवायचं असतं तर दात मलाही आहेत. कोरी आहे म्हणजे पोरगी आहे. माघारी जा, तुझं तान्हं भुकेलंय."

साळू त्या पाण्यात उभी राहिली. पुढं एक पाऊल टाकलं असतं तर भिकाबाईनं तिला धरून ठेवलं नसतं, असं माझी आजेसासू सांगायची. पण साळू माघारी वळली. ती काठावर बसली आणि तिथंच तान्ह्याला पाजू लागली. तिच्यामागं बाकीच्या बसल्या. साळू रोज सकाळी यायची, ताटली आली की आधी मोजायची आणि मग कोरी हातात घेऊन बसायची. तीन दिवस कोरी आली. भिकाबाईनं तीन दिवस भट्टी विझू दिली नाही आणि तीन दिवस तिनं पाठ टेकली नाही म्हणतात. यमीला घोटभर पेज, मग ओला फडका, मग पुन्हा पेज.

चौथ्या दिवशी दहावी नानकटाई पूर्ण कोरी नव्हती. चावा म्हणावा असं काही नव्हतं, काठाला दोन दात टेकल्याची नखाएवढी खूण, मधोमध फट. साळूनं ती खाल्ली नाही. शिंकाळ्यात जपून ठेवली, शेवटी मुंग्यांनी खाल्ली.

साथ सरली आणि दहा पोरं घरी आली. पाटलानं भिकाबाईला विचारलं, गावानं तुला काय द्यावं? ती म्हणाली, "दर दिवाळीला पोरं माझ्या भट्टीवर पाठवा. गोळे वळायला. मी आत जाऊन बसणार नाही." तिनं दुसरं काही मागितलं नाही, आणि गावानं ते कधी मोडलं नाही. तिला वारस नव्हता, म्हणून जिच्या हाताला भाजणं येतं तिच्याकडं भट्टी येते. तशी ती माझ्याकडं आली.

आजही पहिल्या आंघोळीला ताटली खडकावर जाते, आया आधी मोजतात आणि मग आपापल्या पोराचा चावा शोधतात. आणि आजही जे पोर गावात नाही पण आहे, त्याची कोरी भाजतात. ही बघा, ही काळ्यांच्या नातवाची, फौजेत आहे, बर्फात कुठं तरी. ही न्हाव्याच्या सुलूची, दवाखान्यात पडून आहे, पाय मोडलाय.

ही तिसरी माझी. माझा निवृत्ती एकोणीस वर्षांपूर्वी बापाशी भांडून गेला. सुरतेहून एक पत्र आलं, मग तेही नाही. बाप वाट बघून गेला. गावातली माणसं चांगली आहेत, माझ्याच भल्याचं बोलतात. तानाक्का, आता पुरे, म्हणतात, एक कमी भाज. मी त्यांना सांगते, तो नाही असं मला कुणी येऊन सांगितलंय का? नाही ना. मग ताटलीत कमी का करू? भिकाबाईनं कुणाच्या अंदाजानं ताटली भरली नव्हती.

बाळ, ये इकडं. हा गोळा घे. तुझाही दात पडलाय की. चाव काठाला, लाजू नको, तुझी आई ओळखते का बघू. झालं? दे, त्या कोरीच्या शेजारी ठेवते. निवृत्तीचेही पुढचे दात असेच होते तुझ्याएवढा असताना. आता परात झाका रे, निखारे घाला, आया खाली येऊन उभ्या राहिल्या असतील.