वाघाची पाठ

"पण मी खोटं काय लिहिलं, तेवढं सांगा की वस्ताद?"

दौलू वस्ताद तालमीच्या हौद्यातली कुस्तीची माती खोऱ्यानं उकरत होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण खोरं काही दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

"वस्ताद..."

"वहाणा."

हिंदुराव मगदूमांनी खाली पाहिलं. पायात वहाणा तशाच होत्या. याच तालमीत घाम गाळलेला माणूस, आणि वहाणा घालून हौद्यापाशी आला. मुकाट्यानं जाऊन बाहेर काढून आले.

तालीम सोडल्याला वीस वर्षं झाली. तेवढ्यात पोट आलं, खताचं दुकान आलं आणि फोन आला. फोनवर त्यांचं नाव 'लाल मातीचा वाघ'. हा वाघ कोण, हे गावात कुणाच्या बापाला कळणार नाही अशी त्यांची खात्री. वाघाचा फोटो त्यांनी दुकानातल्या कॅलेंडरवरून काढला होता. शेजारी दुकानाची पाटी अर्धी आली होती, 'मगदूम कृषी' एवढीच. ती त्यांच्या नजरेतून सुटली. गावाच्या नाही.

तर गेल्या आठवड्यात जत्रेच्या मैदानात याच तालमीचा आनंदा खोत पडला. एकतीस वर्षांचा गडी, आणि चाळीस सेकंदांत चितपट. वाघानं ती कुस्ती फोनवर टाकली आणि खाली लिहिलं, 'याच्यापेक्षा याची म्हैस जास्त वेळ उभी राहिली असती.'

चारशे माणसं हसली. मग एकेकाला चेव आला. कुणी आनंदाच्या खुराकावर लिहिलं, कुणी त्याच्या बायकोवर. सगळी पोराबाळांची, कर्तीसवरती माणसं. समोर भेटला असता तर यांनीच त्याला चहा पाजला असता.

आनंदा तालमीत यायचा बंद झाला. काल दुपारी आला, तो लंगोट मारुतीपुढं ठेवायला. या तालमीत लंगोट मारुतीपुढं ठेवला की गडी कुस्तीतून गेला. वस्ताद काल रात्री जेवले नाहीत. हाताखालचा शेवटचा पैलवान होता तो.

आणि आठ दिवस वस्ताद हिंदुरावांचा रामराम घेत नव्हते. हिंदुराव आले होते ते त्यासाठी.

"चाळीस सेकंदांत पडला, हे खरं का न्हाई? म्हशीचं आपलं गमतीनं..."

"म्हंजी कुस्ती केलीस त्याच्याशी."

"कुस्ती कुठली वस्ताद. नुसतं लिहिलं."

"चारशे माणसांदेखत आडवा केलास की गड्याला." वस्तादांनी खोरं टेकवलं. "माती लावली हुतीस?"

हिंदुरावांनी सदऱ्याला हात पुसले.

"सांग. धरायच्या आधी काय करत्यात?"

"मूठभर माती घ्यायची. आपण त्याच्या अंगाला लावायची, त्यानं आपल्या."

"का?"

"घामानं हात निसटतो. आपल्याला त्याला धरता यावं, त्याला आपल्याला."

"मग आनंदानं तुला कुठं धरायचं?"

हिंदुरावांचा हात खिशातल्या फोनवर गेला.

"फोन आण."

आता वस्ताद स्वतः वाचणार, असं वाटून हिंदुरावांनी फोन दिला. वस्तादांनी हौद्यातली मूठभर माती घेतली. तेल, ताक, हळद, लिंबू पाजलेली माती ती. आधी फोनच्या तोंडाला लावली, मग पाठीला. कडेकडेनं अंगठ्यानं नीट चोळली.

"वस्ताद, नवा हाय वो तो."

"नव्या गड्याला जास्त लागती."

मातीतून फोन किणकिणला. म्हशीवर आणखी कुणीतरी हसलं होतं.

वस्तादांनी मारुतीपुढचा लंगोट उचलून खांद्यावर टाकला. "चल."

"कुठं?"

"आनंदाच्या दारात."

आनंदा गोठ्यापुढं म्हशीची धार काढत होता. त्याची बायको वनिता शेण भरत होती. वस्तादांना बघून तिनं हात धुतले आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. हिंदुरावांना दिला नाही.

"म्हण," वस्ताद म्हणाले.

"काय म्हणू?"

"लिहिलंस ते. तोंडानं."

हिंदुरावांनी घसा खाकरला. समोर आनंदा, शेजारी म्हैस. म्हैस रवंथ थांबवून त्यांच्याकडंच बघत होती.

"याच्यापेक्षा याची..."

पुढं सरकेना.

"चारशे जण हसलेत म्हणं," वस्ताद म्हणाले. "आमाला बी हसू दे."

"नगा ना वस्ताद..." हिंदुराव आनंदाकडं वळले. "आनंदा, तो वाघ... मीच."

"ठाव हाय."

"कधीपासनं?"

"पाटी दिसती की आण्णा."

हिंदुरावांना मान वर करवेना.

"मी पडलो, त्याचं काय न्हाई," आनंदा म्हणाला. "पैलवान पडतोच. पण ही दळणाला जायची बंद झाली. गिरणीत बायका हिला म्हशीची खुशाली विचारत्यात."

वनितानं तोंड फिरवलं. हिंदुरावांना भडभडून आलं. वीस वर्षांत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. त्यांनी अंगातला सदरा काढला, वाकून अंगणातली मूठभर माती उचलली आणि आनंदाच्या खांद्याला लावली. मग हात पसरून उभे राहिले.

"लाव. आन् धर मला."

आनंदानं वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद म्हशीकडं बघत होते.

आनंदानं माती लावली. छातीला एक मूठ पुरली, पोटाला दोन लागल्या. मग त्यानं धरलं. हिंदुरावांना जुना एक डाव आठवला, पण तो टाकायला सवड मिळाली नाही. पुढच्या घडीला ते शेणाच्या पाटीशेजारी उताणे पडले होते.

वनिता पदर तोंडाला लावून हसली. आठ दिवसांनी हसली. मग आत जाऊन दुसरा तांब्या भरून आणला आणि हिंदुरावांपुढं धरला.

आनंदानं हात देऊन त्यांना उठवलं. मग वस्तादांच्या खांद्यावरचा लंगोट काढून घेतला.

"पहाटं येतो," एवढंच म्हणाला आणि राहिलेली धार काढायला बसला.

हिंदुराव वस्तादांच्या पाया पडले.

"चुकलं वस्ताद. मारुतीची आण, परत जल्मात एक अक्षर लिहिणार न्हाई."

वस्तादांनी त्यांचा खांदा धरून त्यांना पाठमोरं केलं. मानेपासून कमरेपर्यंत पाठ मातीनं भरली होती. वस्तादांनी त्या मातीवरनं एकदा हात फिरवला.

"लागली माती. आता लिही."