सूर धरणारा

“मग मी मुख्य सनई कधी धरायची, अण्णा?”

म्हाळूनं विचारलं आणि तो उत्तराची वाट बघत राहिला.

गुणाजीअण्णा नगारखान्याच्या खिडकीत बसले होते. सकाळचा चौघडा नुकताच आटोपला होता. सनईच्या तोंडाला बसवलेल्या पत्तीवरची ओल ते फडक्यानं टिपत होते आणि खालच्या पायऱ्यांकडं बघत होते.

अण्णा काही बोलले नाहीत...

त्यांचं हे न बोलणं आसपासच्या गावांत नावाजलेलं होतं. माणसं भैरोबाच्या डोंगरावर यायची, दर्शन झालं की नगारखान्याचा जिना चढून अण्णांपुढं बसायची आणि आपलं दुखणं सांगायची. अण्णा त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायचे. कधी मान हलवायचे, कधी तेवढंही नाही. माणसं हलकी होऊन जिना उतरायची. अण्णांनी नुसतं बघितलं आणि आमचं आम्हालाच उमगलं, असं सांगत सुटायची.

म्हाळूला मात्र आज नुसतं बघून चालणार नव्हतं.

तो उठून खिडकीपाशी गेला आणि त्यांच्या पुढ्यात बसला. अण्णांची नजर त्याच्याकडं वळली.

“अण्णा, शहरातल्या मंगल कार्यालयाची जीप आज दुपारी पायथ्याशी येतेय. हॉर्न वाजवणार. मी उतरून गेलो तर नेतील. नाही गेलो तर दुसरा माणूस बघतील.”

“काय देतात?”

“महिन्याला बांधलेला पगार. राहायला खोली. फेटा-अंगरखा त्यांचाच. आणि मुख्य सनईवर मी. दारातल्या पाटीवर माझं नाव रंगवणार म्हणाले.”

“इथं काय मिळतं?”

म्हाळू कसनुसं हसला.

“तुम्हाला काय सांगायचं? पोतंभर ज्वारी, सणाला धोतर. पंचांना आठवण राहिलीच, तर वर काहीतरी.”

कोपऱ्यात गैबीचाचा शेगडीवर लहान नगाऱ्याचं कातडं शेकत होते. त्यांच्या चार पिढ्या याच नगाऱ्यावर गेल्या होत्या.

“धोतर तरी मिळतं तुला,” ते म्हणाले. “मला औंदा टॉवेल दिला. त्यालाही भोक.”

“चाचा, जरा गप बसा की.”

“बसतो. मला कोण बोलावतंय जीपमधून?”

अण्णा अजून म्हाळूकडंच बघत होते. त्यांनी विचारलं,

“आणि तिथं ऐकतं कोण?”

“ऐकणार कोण? लोक जेवायला येतात. एक पंगत उठते, दुसरी बसते.”

“मग?”

कितीतरी दिवस म्हाळू याच ‘मग’पाशी अडकून पडला होता.

मिसरूड फुटायच्या वयात तो अण्णांकडं आला, तेव्हा अण्णांनी त्याच्या हातात सूर दिला होता. सूर दिसायला सनईसारखाच, पण त्याला बोटं फिरवायची भोकं नसतात. त्यातून एकच स्वर निघतो. मुख्य सनई हवी तिकडं हिंडून येते. सूर धरणाऱ्यानं तो एकच स्वर खाली अंथरून ठेवायचा. तो तुटू द्यायचा नाही. श्वासासाठी थांबायचं नाही. गालात हवा साठवायची, ती सोडत राहायची आणि तेवढ्यात नाकानं नवी आत ओढायची.

म्हणून म्हाळूचे गाल सैल पडले होते आणि वाजवायला बसला की भोपळ्यासारखे फुगायचे. लग्नाआधी त्याच्या बायकोच्या, गोदाच्या, मावशीनं त्याला नगारखान्यात बघितलं आणि विचारलं होतं, मुलाची दाढ दुखते का हो?

इतक्या वर्षांत एकच गोष्ट बदलली होती. सूर धरणारा मुख्य सनईच्या मागं, भिंतीला टेकून बसतो. तशी रीतच आहे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी अण्णा म्हणाले, “मागं नको. इथं माझ्यासमोर बस.”

त्या दिवशी म्हाळू धावत घरी गेला. गोदानं शेजारून तूप आणून शिरा केला. आळीत वाटला. तो म्हणत होता, मला पुढची जागा मिळाली.

“जागा पुढची,” गोदा कढई खरवडत म्हणाली, “मग ज्वारी का तेवढीच?”

तेव्हा तो तिला जे बोलला, तेच पुढं नेहमी बोलत आला. सगळ्या मुलखात सनईचा खरा कान एकच आहे, आणि माझा सूर रोज त्या कानात पडतो. आणखी काय पाहिजे माणसाला?

या एवढ्या बोलण्यावर दोघांनी कितीतरी अर्धपोटी दिवस काढले.

हल्ली गोदा काही विचारत नव्हती. आज पहाटे तिनं त्याचे कपडे एका धडप्यात बांधले आणि ते गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. त्याच्याकडं न बघता ती शेण गोळा करायला निघून गेली.

ते गाठोडं आता जिन्याच्या तोंडाशी पडलेलं होतं.

“अण्णा,” म्हाळू म्हणाला, “एकदा माझी सनई ऐका. माझ्यात काही आहे की नाही, तेवढं सांगा. आहे म्हणालात तर राहतो. आयुष्यभर सूर धरतो, पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणालात तर जातो.”

अण्णांचा फडकं धरलेला हात थांबला.



मग त्यांनी मांडीवरची सनई उचलून त्याच्यापुढं धरली. आपली सनई त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती.

म्हाळूनं ती कपाळाला लावली आणि वाजवायला घेतली.

इतकी वर्षं जे नुसतं समोरून ऐकलं होतं, जे घरामागच्या ओढ्यात एकट्यानं घोटलं होतं, ते सगळं बाहेर यायला लागलं. सुरुवातीला त्याला भीती वाटत होती. मग भीती सुटली. स्वर वर चढला, थरथरला, तिथं उभा राहिला आणि हळूच खाली आला. आपण एवढं चांगलं वाजवतो, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गैबीचाचांचा हात शेगडीवर जिथल्या तिथं राहिला. कातडं करपल्याचा वास सुटला, तेव्हा कुठं ते भानावर आले.

म्हाळूनं सनई खाली घेतली.

“छान,” अण्णा म्हणाले.

त्यांनी सनई परत घेतली आणि ते पुन्हा खिडकीकडं वळले.

“छान म्हणजे?”

...

“अण्णा, छान म्हणजे कसं? नुसतं छान?”

अण्णा पायऱ्यांकडं बघत पत्ती पुसत राहिले.

या गप्पपणाचा म्हाळूला एकच अर्थ लागला. तो उठला. आपल्यात एवढंच होतं तर, असं तो मनाशी म्हणाला. दुपारचा चौघडा वाजवून देवाला शेवटचा नमस्कार करायचा आणि हॉर्न वाजला की उतरायचं.

दुपार झाली. नैवेद्याची ताटं गाभाऱ्यात गेली. चौघडा पुरा होईपर्यंत देवापुढचा पडदा सरकत नाही, म्हणून पुजारी खाली खोळंबून उभा होता.

गैबीचाचांनी नगाऱ्यावर टिपरू टाकलं. म्हाळू समोर बसला आणि त्यानं सूर धरला. अण्णांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि सनई ओठांना लावली.

अण्णा नेहमीसारखंच वाजवत होते. म्हाळू ऐकत होता. हे पुन्हा ऐकायला मिळणार नाही, असं मनात आलं. नाकानं ओढलेला श्वास मध्येच अडला.

सूर तुटला.

सवयीनं गाल तेवढे फुगलेलेच राहिले.

पूर्वी सूर केसभर उतरला तरी अण्णा थांबायचे. मागं वळून असं बघायचे की म्हाळूला जेवण गोड लागायचं नाही. आज खाली सूरच नव्हता. जमीन काढून घ्यावी तशी अण्णांची सनई उघडी पडली होती आणि ती तशीच, संथपणे चालली होती. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

गैबीचाचांनी टिपरू न थांबवता मान वर केली. म्हाळूकडं बघितलं. लगेच नजर काढून घेतली.

म्हाळू सूर ओठांना तसाच लावून बसला होता. त्यात फुंक नव्हती. मग त्यानं हळूहळू गाल खाली बसू दिले.

अण्णांची बोटं जागच्या जागी थांबली.

“का रे थांबलास?”

“मी कधी थांबलो, अण्णा?”

“आत्ता.”

नगाराही बंद झाला.

म्हाळूनं तोंड भिंतीकडं केलं.

“अण्णा,” तो मोठ्यानं म्हणाला, “नगारखान्याला आग लागली.”

अण्णांनी पत्ती पुसायला फडकं घेतलं.

म्हाळू परत त्यांच्यासमोर वळला.

“कधीपासून?”

अण्णा त्याच्या ओठांकडं बघत राहिले...

“तुला समोर बसवलं, तेव्हापासून.”

म्हाळूला शिऱ्याची कढई आठवली. आळीतल्या बायका वाट्या घेऊन आल्या होत्या.

“नगारा फळ्यांतून पायांना कळतो,” अण्णा म्हणाले. “माझी सनई माझ्या दातांना कळते. तुझा सूर कशालाच कळत नाही. म्हणून गाल बघतो.”

“आणि सकाळी मी वाजवलं ते?”

“बोटं बघितली.”

“कशी होती?”

“बोटं स्वच्छ होती. पुढचं मला विचारू नकोस.”

म्हाळू गैबीचाचांकडं वळला. “चाचा, तुम्हाला ठाऊक होतं?”

गैबीचाचा टिपरूच्या टोकाकडं बघत होते.

“त्या दिवशी सांगणार होतो रे. पण तू शिऱ्याची वाटी पुढं केलीस...”

“आणि तुम्ही खाल्ला.”

“खाल्ला.”

खाली पुजाऱ्यानं घंटा दोनदा हलवली. नैवेद्य निवत होता.

“मी घरी सांगत आलो, अण्णा,” म्हाळू म्हणाला. “तुमच्या कानात माझा सूर...”

त्याला पुढं बोलवेना. आता त्याचा आवाज फुटत होता की नाही, याला या माणसापुढं काही अर्थ नव्हता. अण्णांना ओठांवरून जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. त्यांनी खाली बघितलं. खाली बघितलं की त्यांना काहीच ऐकू येत नाही, हे म्हाळूला आता ठाऊक झालं होतं. त्यांनी मान वर करेपर्यंत तो थांबला.

“तिथले जेवणारे तरी ऐकतील,” तो म्हणाला. “घास गिळताना का होईना, त्यांच्या कानात पडेल.”

“पडेल.”

“पगार मिळेल.”

“मिळेल.”

“पुढं बसायला मिळेल. खरोखरचं पुढं.”

अण्णांनी मान डोलावली. जाऊ नको, असं ते म्हणाले नाहीत. पंचांना सांगू नको, असंही म्हणाले नाहीत. मांडीवरची सनई त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. तान्ही मुलं कुणी घ्यायला आलं की पदर धरतात, तशी.

म्हाळूला एकदम संताप आला.

“मग तुम्ही जे वाजवता ते बरोबर आहे, हे तुम्हाला कशावरून कळतं?”

अण्णा जराही अडखळले नाहीत.

“तू उठून गेला नाहीस, त्यावरून.”

...

पायथ्याशी हॉर्न वाजला.

म्हाळूची मान आपोआप खिडकीकडं गेली. तिथून जिन्याकडं. गाठोड्याची गाठ गोदानं घट्ट मारली होती, आता सुटायची नाही अशी.

अण्णांनी त्याची वळलेली मान बघितली.

“कुणी बोलावतंय का?”

गैबीचाचांनी श्वास रोखला.

म्हाळूनं सूर उचलला. तोंड सरळ अण्णांपुढं आणलं, त्यांना नीट दिसावं म्हणून.

“नाही,” तो म्हणाला.

खाली हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी खूप लांब.

अण्णांनी सनई ओठांपर्यंत नेली. मग परत खाली घेतली.

“खोटं बोललास की तुझे गाल बसतात,” ते म्हणाले. “फुगव.”