मावशीच्या आवाजातली मंगलाष्टकं

एका गावात एक भोळा झिपरू होता. चाळिशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा. अक्कल झिजू नये म्हणून त्यानं ती कधी वापरलीच नव्हती.

त्याची भाची शेवंता, आईविना पोर. तिला वाढवलं मावशीनं. मावशी आता आखातात नर्स, लग्नाला सुटी मिळेना. शेवंता हटून बसली, मंगलाष्टकं होतील तर मावशीच्याच आवाजात. मग ठरलं, मावशी तिकडून कंप्यूटरवर गाईल, इकडे तो आवाज फाइलीत भरून ठेवायचा. शेवंताच्या वडिलांनी, म्हणजे झिपरूच्या दाजींनी, हे काम दिलं झिपरूला. दाजी हुशारच. झिपरूला बटणं सगळी येत होती, कुठलं कधी दाबायचं एवढंच राहिलं होतं.

पहिल्या दिवशी झिपरूनं कंप्यूटरपुढे माईक ठेवला. फाइल लावून बघतात तर मावशी थोडी आणि दारची म्हैस फार. दाजी म्हणाले, बाहेरचं काही नको, माईक बंद कर, कंप्यूटरचा आतला आवाज घे. झिपरूनं पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी शेवंताच्या आत्याबाई रुसल्या, मलाही गायचंय. म्हणून एक कडवं तिकडून मावशीचं, एक इथून आत्याचं, असं ठरलं. झिपरूनं माईक बंद केला, आतला आवाज धरला. आत्यानं घसा फोडून चार कडवी म्हटली. फाइलीत मावशी, मग सामसूम, मग मावशी, मग सामसूम. घरातल्या काहींना ते फार आवडलं, पण बोलणार कोण?

"आत्या कुठंय रे?"

"ती बाहेर होती, दाजी. बाहेरचं नको म्हणालात."

दाजींनी कपाळ धरलं. माणूस गाणार असेल तर माईक लावावा, एवढं कळत नाही का, म्हणाले. झिपरू म्हणाला, आता कळलं.

तिसऱ्या दिवशी आत्यानं रागानं गाणंच सोडलं. एकटी मावशी गाणार. झिपरूनं विचार केला. वेळ लागला, पण केला. मावशी माणूसच की. आपली सख्खी बहीण, ती कंप्यूटर कशी असेल? लावला माईक. म्हैस वाटच बघत होती.

दाजी वेशीपर्यंत ऐकू गेले. "मावशी गात असताना आसपास चिटपाखरू नको. समजलं?"

"समजलं, दाजी."

शेवटी शेवंतानंच मावशीला विनवलं आणि आतला आवाज नीट भरून घेतला. झिपरूला दोनच कामं उरली. मुहूर्ताला समाजमंदिरात फाइल लावायची आणि मामा म्हणून नवरीला हात धरून आणायचं. यात काय चुकणार, असं सगळे म्हणाले.

लग्नाच्या दिवशी नवरदेव दारात आला. त्याला घ्यायला सगळी मंडळी बाहेर गेली, भटजीसुद्धा. झिपरूनं आतून कडी लावली, फाइल चालू केली. मग त्याच्या ध्यानात आलं, आपणही एक जीवच. तो खिडकीतून उतरला, आतला खटका बसेल अशी खिडकी ओढून घट्ट लावली आणि शेजारच्या शाळेत नटून बसलेल्या नवरीला हात धरून वेळेवर घेऊन आला.

आत मंगलाष्टकं सुरू. दाजी दार बडवत होते. "आत कोण आहे?"

"कुणी नाही, दाजी. चिटपाखरूसुद्धा नाही. मीपण बाहेर आलो."

मुहूर्त काही थांबेना. भटजींनी उंबऱ्यापाशीच अंतरपाट धरला. शेवंतानं बंद दाराला कान लावला. लोकांनी अक्षता टाकल्या त्या दारावर. भटजी तोंड उघडून 'सावधान' म्हणणार, तेवढ्यात झिपरूनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू," तो म्हणाला, "मावशी गातेय."