जांभळ्याच्या पोटातली किनार

एकदा एका थंड डोंगरउतारावर आयरिसच्या फुलांची पैदास करणारा एक वृद्ध माळी राहत असे. आयरिस म्हणजे खालच्या पाकळीवर दाढीसारखी लव असणारे फूल; त्याचा आल्यासारखा गड्डा जमिनीवर अर्धा उघडा राहतो. वृद्धाच्या बागेत एकच झाड वेगळे होते. त्याच्या पांढऱ्या पाकळीला जांभळी किनार असे. त्याच्या पत्नीने ते माहेराहून आणले होते, आणि तिला जाऊन आता बारा वर्षे झाली होती.

त्याचा एक शिष्य होता. वयाने चाळिशीचा, पण सदा घोड्यावर. बी पेरले की तिसऱ्या दिवशी माती उकरून पाहणार. अशी माणसे आपल्यालाही ठाऊक असतात. कधी कधी ती आरशात भेटतात.

किनार आणखी गडद व्हावी म्हणून या शिष्याने एका गडद जांभळ्या फुलाचा पराग त्या किनारीच्या फुलावर घातला. बी धरले, पेरले, आणि मग तीन वर्षे वाफ्यांभोवती येरझारा. चाळीस रोपे फुलली आणि चाळीसच्या चाळीस भर जांभळी निघाली. किनारीचा मागमूस नाही. संतापून त्याने सगळी उपटली आणि उकिरड्यावर भिरकावली. वृद्ध टोपली घेऊन उकिरड्यावर गेला, एकेक गड्डा झटकला आणि सगळे गोठ्यामागे ओळीने लावले. म्हाताऱ्याला आता कचराही टाकवत नाही, असे शिष्याला वाटले.

मग त्याने मूळ झाडालाच जोर द्यायचे ठरवले. पावसाच्या तोंडावर त्याच्यावर वीतभर शेणखत रचले. ज्या गड्ड्याला पाठीवर ऊन लागते तो खताखाली गुदमरला. श्रावणात शिष्याने हात घातला, तेव्हा बोटांना कुजका लगदा लागला.

त्या दिवशी त्याला अन्न गेले नाही. बागेत नुसता फिरत राहिला. शेवटी वृद्धापुढे येऊन म्हणाला, "गुरुजी, गुरुमाईंचं झाड माझ्या हातून गेलं. दुसरं कुठे नाही. तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

वृद्धाच्या डोळ्यांत पाणी आले. ते त्याने लपवले नाही. मग म्हणाला, "चल," आणि त्याला गोठ्यामागे घेऊन गेला.

"ही तुझी चाळीस. यांची आई तेच झाड ना? अरे, या फुलात रंगाचे चार वाटे असतात. दोन आईकडचे, दोन बापाकडचे. चारांत एक जरी गडद असला, तरी फूल जांभळंच दिसतं. किनार उमटायला चारही वाटे किनारीचेच लागतात. यांच्यात प्रत्येकी दोन आहेत. तुला दिसले नाहीत, म्हणून तू ते नाहीतच ठरवलंस. आता यांचाच यांच्याशी संकर कर. छत्तिसांत एखादं आईवर जाईल. पण तीन वर्षं लागतील, आणि मी आहे पंचाहत्तरीचा. झाड माझ्यासाठीसुद्धा घाई करायचं नाही."

ती तीन वर्षे शिष्याला फार जड गेली. वृद्ध खोकला की तो हातातले काम टाकून धावे. माती उकरायला हात जाई, आणि तो स्वतःच मागे घेई.

तिसऱ्या वसंतात शंभरावर रोपांना कळ्या आल्या. पहिल्या दिवशी जांभळी. दुसऱ्या दिवशी जांभळी. आठवडाभर जांभळीच. वृद्ध बांधावर घोंगडी टाकून बसे. नवव्या दिवशी एक कळी उलगडली, पांढरी, काठाला जांभळी रेघ. शिष्याने वृद्धाला हाताला धरून आणले. वृद्धाने पाकळीवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "हीच."

हंगाम सरता सरता आणखी दोन निघाली. मग वृद्धाने खुरपे पुढे केले. "झालं तुझं काम. बाकीची उपटायची?"

शिष्याने खुरपे घेतले आणि गोठ्याच्या वळचणीत खोचून ठेवले. "नको, गुरुजी. कुणाच्या पोटात काय आहे, मला कुठे दिसतं?"

घरातले एखादे पोर कुणावरच गेले नाही, असे म्हणण्याआधी आपणही खुरपे जरा वळचणीत खोचावे.